पॅकेटवरचा 'ई' नंबर हलाल आहे का? मोबाईलवर असं तपासा

गेल्या वर्षीच्या रमजानमधली गोष्ट. लासूर स्टेशनला माझ्या एका मित्रानं इफ्तारनंतर घरच्यांसाठी व्हॅनिला आईस्क्रीमचा फॅमिली पॅक नेला. डबा उघडणार तेवढ्यात त्याच्या मोठ्या भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक यादी काढली. "या नंबरांमध्ये डुकराची चरबी असते" असं वर लिहिलेलं, खाली चाळीस-पन्नास नंबर. डब्यावर १०० हा नंबर होता आणि यादीत पहिलाच नंबर १००. झालं! डबा तसाच बाहेर गेला, लहान पोरं रडत बसली आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी वाद झाला तो वेगळाच.

आता १०० म्हणजे काय? कर्क्युमिन. हळदीतला पिवळा रंग! आपल्या रोजच्या वरणात जी हळद पडते, तिच्यातूनच तो काढतात.

अशा वेळी मोबाईल हातात असून उपयोग होत नाही, कारण नेमकं काय शोधायचं हे माहीत नसतं. म्हणून या लेखात पाहू की पॅकेटवरचे नंबर कसे वाचायचे, त्यातले कोणते निर्धास्त, कोणते शंकेचे, आणि शंका आली तर फोनवरून खात्री कशी करायची.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: नंबर पदार्थाचं नाव सांगतो, तो कशापासून बनवला हे सांगत नाही. ४७१ नंबरचा पदार्थ पामतेलापासूनही बनतो आणि जनावराच्या चरबीपासूनही. नंबर दोन्हीकडे तोच. त्यामुळे नुसता नंबर पाहून "हलाल" किंवा "हराम" ठरवता येत नाही. नंबर, पॅकेटवरचं हिरवं-तपकिरी चिन्ह आणि गरज पडल्यास कंपनीचं उत्तर, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

ई नंबर आणि आयएनएस नंबर म्हणजे काय?

खाद्यपदार्थाला रंग देण्यासाठी, तो टिकवण्यासाठी, तेल-पाणी एकजीव करण्यासाठी किंवा चव वाढवण्यासाठी जे पदार्थ थोड्या प्रमाणात घालतात त्यांना अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. त्यांची नावं लांबलचक असतात, म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला आहे.

युरोपियन युनियनमध्ये मान्यता मिळालेल्या अ‍ॅडिटिव्हच्या नंबरापुढे 'ई' लावतात. कोडेक्स ही खाद्यपदार्थांची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था हेच नंबर 'आयएनएस' नावानं वापरते आणि भारतातही तीच पद्धत आहे. बहुतेक ठिकाणी आकडा सारखाच असतो. म्हणजे ई ४७१ आणि आयएनएस ४७१ एकच.

आपल्याकडच्या लेबलवर आधी अ‍ॅडिटिव्हचं काम लिहितात आणि मग त्याचं नाव किंवा नंबर. उदाहरणार्थ: इमल्सिफायर (४७१), स्टॅबिलायझर (४१२, ४०७), रंग (१००). त्यामुळे नंबर कळला नाही तरी तो कशासाठी घातलाय हे कळतं.

पहिली पायरी: हिरवा ठिपका पाहा

भारतात राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे, जी दुबईत किंवा लंडनमध्ये नाही. आपल्याकडे पॅकबंद खाद्यपदार्थावर शाकाहारी किंवा मांसाहारी चिन्ह छापणं बंधनकारक आहे. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारासाठी आधी तपकिरी ठिपका होता. २०२० च्या लेबलिंग नियमांनी त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, म्हणजे ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांनाही आकारावरून फरक कळेल.

"ठिपका मुख्य पदार्थापुरता असेल, आत चिमूटभर घातलेल्या अ‍ॅडिटिव्हचं काय?" असा प्रश्न बरेच जण विचारतात. याच मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात एक याचिका होती. ती राम गौ रक्षा दल या संस्थेनं केली होती आणि ९ डिसेंबर २०२१ ला त्यात आदेश झाला. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की प्राण्यापासून आलेला घटक कितीही कमी असला तरी तो पदार्थ मांसाहारीच धरायचा. नुसता कोड नंबर छापून चालणार नाही, तो घटक वनस्पतीपासून आहे, प्राण्यापासून आहे की प्रयोगशाळेत तयार केलेला आहे, हेही जाहीर झालं पाहिजे. त्या आदेशात चव वाढवणाऱ्या ६३१ चं उदाहरण दिलं होतं.

गंमत बघा. याचिका गोरक्षकांची, पण त्या आदेशाचा फायदा जैन मित्राला आहे, माळकरी आजोबांना आहे आणि लेबल वाचणाऱ्या मुस्लिम मित्रालाही तेवढाच आहे. तिघांचा प्रश्न एकच: हे आलं कुठून?

म्हणजे पॅकेटवर हिरवा ठिपका असेल, तर नियमाप्रमाणे आतला ४७१ चरबीचा नसतो आणि ६३१ मांस-मासळीचा नसतो. आणखी एक नियम माहीत असू द्या: डुकराची किंवा गोवंशाची चरबी घटक म्हणून वापरली, तर ती 'अ‍ॅनिमल फॅट' अशा मोघम नावानं लपवता येत नाही. तिचं नाव स्पष्ट छापावं लागतं.

हिरवा ठिपका काय सांगत नाही?

ठिपका शाकाहार सांगतो. शाकाहारी आणि हलाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक मुख्यतः चार ठिकाणी पडतो.

१. अल्कोहोल. ते धान्य किंवा उसापासून बनतं, म्हणून शाकाहारीच. व्हॅनिला इसेन्ससारख्या फ्लेवरमध्ये सुगंध विरघळवण्यासाठी कधी इथेनॉल वापरतात, तर कधी प्रोपिलीन ग्लायकॉल (१५२०). लेबलवर मात्र नुसतं 'फ्लेवर' असं लिहिलेलं असू शकतं. इथे ठिपका काहीच मदत करत नाही.

२. लाख आणि मेण. लाखेच्या किड्यापासून मिळणारी शेलॅक (९०४) आणि मधमाशीचं मेण (९०१) चकचकीत गोळ्या-चॉकलेटवर वापरतात. भारतीय नियमांत लाख, मेण आणि मध मांसाहारात धरत नाहीत. त्यामुळे हिरवा ठिपका असूनही हे आत असू शकतात.

३. अंडं. हा उलटा प्रकार आहे. अंडं आपल्याकडे मांसाहारी धरतात, म्हणून अंड्याच्या केकवर तपकिरी त्रिकोण येतो. कोंबडीचं अंडं हलाल आहे. म्हणजे तपकिरी त्रिकोण दिसला की लगेच हराम, असं नाही. त्रिकोण कशामुळे आला ते घटकांच्या यादीत शोधा.

४. सुटा माल. बेकरीतली खारी, ताजा केक, मिठाई यांच्यावर अनेकदा लेबलच नसतं. तिथे दुकानदाराला विचारणं हाच मार्ग.

कोणते नंबर निर्धास्त, कोणते शंकेचे?

सगळे नंबर पाठ करायची गरज नाही. तीन गट लक्षात ठेवले तरी बहुतेक पॅकेटचं काम होतं.

पहिला गट: उगम वनस्पतीचा, खनिज किंवा रासायनिक

१०० – हळदीचा रंग
१४० – पानांतलं हरितद्रव्य
१५० – साखर जाळून केलेला कॅरॅमल रंग
१६२ – बीटाचा रंग
१०२ आणि ११० – कारखान्यात बनणारे कृत्रिम पिवळे-केशरी रंग
३०० – क जीवनसत्त्व
३३० – सायट्रिक अ‍ॅसिड
४०६ आणि ४०७ – समुद्री शेवाळापासून
४१२ – गवारीच्या बियांचा डिंक
४४० – फळांतलं पेक्टिन
५०० – खाण्याचा सोडा
६२१ – अजिनोमोटो नावानं आपण ओळखतो तो पदार्थ, उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून करतात

हे आरोग्याला चांगले की वाईट हा वेगळा विषय आहे. इथे आपण फक्त उगम पाहतोय.

दुसरा गट: उगम दोन्हीकडून असू शकतो

३२२ – लेसिथिन. बहुतेक वेळा सोयाबीनचं, कधी अंड्याचं
४२२ – ग्लिसरीन
४७१ आणि ४७२ – मोनो व डाय ग्लिसराइड आणि त्यांचे प्रकार. बिस्किट, ब्रेड, आईस्क्रीममध्ये सगळ्यात जास्त दिसणारे
४८१ – ब्रेड मऊ ठेवणारा पदार्थ
५७० – स्टिअरिक व इतर फॅटी अ‍ॅसिड
६२७, ६३१, ६३५ – नूडल्स आणि चिप्सच्या मसाल्यातली चव. मांस-मासळीपासून करता येतात, तसंच आंबवण्याच्या प्रक्रियेनंही करतात
९२० – एल-सिस्टीन. मैद्यावर प्रक्रिया करायला वापरतात. पिसं किंवा केसांपासून मिळतं आणि आंबवूनही करतात

तिसरा गट: उगम प्राणी किंवा कीटक

१२० – कारमाइन, कोचिनियल नावाच्या किड्यापासूनचा लाल रंग
४२८ – जिलेटिन. जुन्या याद्यांत ४४१
५४२ – हाडांपासूनचं फॉस्फेट
९०१ – मधमाशीचं मेण
९०४ – शेलॅक
११०५ – अंड्याच्या पांढऱ्या भागातलं लायसोझाइम

तिसऱ्या गटातलं सगळंच हराम असं समजू नका. ११०५ अंड्याचं आहे. जिलेटिन माशाचं असू शकतं, हलाल पद्धतीनं कापलेल्या जनावराचं असू शकतं किंवा डुकराचं असू शकतं. म्हणजे पुन्हा प्रश्न उगमाचाच.

मोबाईलवर तपासायच्या पायऱ्या

१. घटकांचा फोटो घ्या. पॅकेटच्या मागे बारीक अक्षरात 'इन्ग्रेडिएंट्स' लिहिलेलं असतं. चकाकणाऱ्या प्लॅस्टिकवर फ्लॅश मारू नका, अक्षरं उडतात. पॅकेट सपाट धरून उजेडात फोटो काढा.

२. गूगल लेन्सनं अक्षरं उचला. फोटो लेन्समध्ये उघडून मजकूर निवडा आणि कॉपी करा. आयफोनमध्ये फोटोवर बोट दाबून धरलं तरी मजकूर निवडता येतो. कॉपी झाल्यावर नंबर एकदा डोळ्यांनी पडताळा. बारीक छपाईत ४७१ चं ४७७ व्हायला वेळ लागत नाही.

३. नंबर इंग्रजी आकड्यांत शोधा. पुढे 'आयएनएस' किंवा 'ई' लावा आणि 'सोर्स' हा शब्द जोडा, म्हणजे उगमाची माहिती वर येते. नंबरासोबत 'हलाल' शब्द टाकलात तर बऱ्याचदा त्याच फिरत्या याद्या पुन्हा समोर येतात.

४. ओपन फूड फॅक्ट्स वापरून बघा. हे अ‍ॅप मोफत आहे. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विकिपीडियासारखा लोकांनी भरलेल्या माहितीवर चालतो. बारकोड स्कॅन केला की घटक आणि अ‍ॅडिटिव्ह वेगळे करून दाखवतो. भारतातल्या सगळ्याच वस्तू त्यात सापडत नाहीत, आणि सापडली तरी माहिती जुनी असू शकते. म्हणून हातातल्या पॅकेटशी जुळवून पाहा.

५. बारकोडवरून देश ठरवू नका. ८९० नं सुरू होणारा बारकोड म्हणजे कंपनीनं तो भारतातल्या जीएस१ संस्थेकडून घेतलाय, एवढाच अर्थ. माल कुठे बनला आणि आत काय आहे हे त्यावरून कळत नाही.

६. बनवणारा कोण ते काढा. पॅकेटवर एफएसएसएआयच्या खुणेजवळ १४ अंकी लायसन्स नंबर असतो. फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर तो टाकला की लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. लोकल ब्रँडच्या बाबतीत हे फार कामाला येतं.

७. कंपनीला विचारा. पॅकेटवर कस्टमर केअरचा फोन आणि ई-मेल छापणं बंधनकारक आहे. शंका उरली तर हाच सगळ्यात पक्का उपाय.

कंपनीला काय लिहायचं?

"हे हलाल आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तर बऱ्याचदा "आमचं उत्पादन सर्व नियमांनुसार आहे" असं गुळमुळीत येतं. नेमका प्रश्न विचारा. हा नमुना कॉपी करून वापरा:

"नमस्कार. मी तुमचं (वस्तूचं नाव) घेतलं आहे. बॅच नंबर (…). लेबलवर इमल्सिफायर ४७१ आणि व्हॅनिला फ्लेवर असं लिहिलं आहे. कृपया दोन गोष्टी कळवा. १) ४७१ वनस्पतीपासून आहे की प्राण्यापासून? प्राण्यापासून असेल तर कोणत्या? २) फ्लेवरमध्ये इथेनॉल वापरलं आहे का? उत्तर लेखी मिळावं ही विनंती."

सोबत लेबलचा फोटो जोडा. उत्तर आलं की स्क्रीनशॉट ठेवा आणि तारीख लिहून ठेवा, कारण कंपन्या कच्चा माल बदलतात. ठिपका आणि घटक जुळत नाहीत असं दिसलं, तर एफएसएसएआयच्या १८००-११२-१०० या टोल-फ्री नंबरवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

बेकरीत काय विचारायचं?

लासूर स्टेशनसारख्या गावात वाढदिवसाचा केक बहुतेक वेळा जवळच्या बेकरीतूनच येतो. तिथे तीन प्रश्न पुरेसे आहेत: केक जेल कोणतं वापरता, इसेन्स कोणता आणि क्रीम किंवा मूसमध्ये जिलेटिन आहे का? केक जेल म्हणजे इमल्सिफायरच, त्यात ४७१ सापडतोच. त्याच्या डब्यावर आणि इसेन्सच्या बाटलीवर लेबल असतं. "जरा डबा दाखवता का, फोटो घेतो" असं नीट विचारलं तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. चोरून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकण्यापेक्षा हे दोघांच्याही भल्याचं.

सौदीहून, दुबईहून आलेली चॉकलेटं

आखाती देशांत कामाला असलेला चुलतभाऊ किंवा मामा बॅगेतून जे चॉकलेट आणतो, त्यावर हिरवा ठिपका नसतो. घाबरायचं कारण नाही, तो नियम भारताचा आहे. अशा वेळी लेबलवर लेन्सचं भाषांतर लावा, तिसऱ्या गटातले नंबर शोधा आणि हलाल चिन्ह कोणत्या संस्थेचं आहे ते वाचा. युरोपातून आलेल्या गोळ्या-जेलीमध्ये जिलेटिन आणि १२० हे दोन आधी तपासा.

हलाल लोगो असेल तरच हलाल का?

नाही. भारतात दुकानात मिळणाऱ्या खाद्यपदार्थांसाठी सरकारचं असं एकच हलाल चिन्ह नाही. जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, चेन्नईची हलाल इंडिया अशा खासगी संस्था प्रमाणपत्रं देतात. कंपन्या ती मुख्यतः निर्यातीसाठी घेतात. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी आली, निर्यातीचा माल त्यातून वगळला. ती बंदी त्या राज्यापुरती आहे.

म्हणजे लोगो असेल तर एक तपासणी झालेली आहे एवढं कळतं. लोगो नसेल तर तपासणी आपण करायची. लोगो खरा वाटत नसेल, तर ज्या संस्थेचं नाव आहे तिच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव शोधा.

व्हॉट्सअ‍ॅपची यादी कशी ओळखायची?

अशा याद्यांची खूण म्हणजे त्यात सगळे नंबर एकाच रांगेत असतात. हळद, हरितद्रव्य, दुधातलं आम्ल (२७०), चिंचेत असतं ते आम्ल (३३४) आणि किड्याचा रंग, सगळ्यांवर एकच शिक्का. लिहिणारा कोण ते नसतं, तारीख नसते, आणि शेवटी "पुढे पाठवा, सवाब मिळेल" असं असतं. यादीत १०० दिसला की समजा, बनवणाऱ्यानं एकही नंबर तपासलेला नाही.

यात दोन्हीकडून नुकसान आहे. चांगलं अन्न फेकलं जातं, गावातल्या दुकानदाराचं नाव खराब होतं. आणि ज्याकडे खरंच बघायला हवं होतं, म्हणजे बाहेरून आलेल्या जेलीतलं जिलेटिन किंवा इसेन्समधलं अल्कोहोल, तिकडे लक्षच जात नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हलाल स्कॅनर अ‍ॅपवर विश्वास ठेवावा का?
अर्धा. ही अ‍ॅप्स ४७१ ला सहसा 'मशबूह' म्हणजे शंकास्पद दाखवतात. नंबरापुरतं ते बरोबर आहे. पण आपल्या पॅकेटवरचा हिरवा ठिपका अ‍ॅप पाहत नाही, तुम्हाला पाहता येतो.

एआय चॅटबॉटला विचारलं तर?
नंबर म्हणजे काय हे तो सांगेल. तुमच्या हातातल्या पॅकेटमध्ये ४७१ कुठून आलाय हे त्याला माहीत नसतं. ठामपणे सांगितलं तरी खरं धरू नका.

१२० किंवा शेलॅकबद्दल सगळ्यांचं मत एकच आहे का?
नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं २०११ मध्ये कोचिनियल रंगाला परवानगी दिली, तर अनेक हनफी आलिम कीटकापासूनचा रंग नको म्हणतात. जिलेटिनचं रूप पूर्ण बदललं की हुकूम बदलतो का आणि फ्लेवरमधल्या अंशभर अल्कोहोलचं काय, यावरही मतं वेगळी आहेत.

मग शेवटी ठरवायचं कोणी?
पदार्थ कुठून आला हे मोबाईल आणि कंपनी सांगेल. तो खावा की नाही, हे तुम्ही ज्या आलिमांना मानता त्यांना विचारा. जाताना नुसता नंबर नेऊ नका, कंपनीचं लेखी उत्तर न्या. मग उत्तरही नेमकं मिळेल.

आता त्या आईस्क्रीमच्या डब्याकडे परत येऊ. नंतर आम्ही त्याचं लेबल नीट वाचलं. १०० हळदीचा, ४१२ गवारीचा, ४०७ शेवाळाचा. ४७१ शंकेचा, पण डब्यावर हिरवा ठिपका, म्हणजे चरबीचा नाही. राहिला व्हॅनिला फ्लेवर. त्यासाठी कंपनीला वरचाच मेल पाठवला. एवढं करायला पाच-सात मिनिटं लागली. यादी पुढे पाठवायला पाच सेकंद लागतात, म्हणून ती जास्त फिरते. पुढच्या वेळी ग्रुपवर अशी यादी आली, तर तिच्याखाली हळदीची एवढी एक गोष्ट नक्की लिहा.